खडूची रेघ

दाजी, तुमच्या शोकसभेत संचालक म्हणाले, "असा शिस्तीचा माणूस पुन्हा मिळणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खुर्चीत नुसती धुमसत होते. त्या शिस्तीनेच घात केला, हे तिथे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? तुम्हाला होतं, पण तुम्ही फोटोत.

असं धाकट्या मेहुणीने मनातल्या मनात सुनावलं आणि चहा न घेताच ती उठली.

त्या शहरात अणू हा घरोघरचा धंदा. एका टोकाला अणुभट्टी, दुसऱ्या टोकाला संशोधन केंद्र, मधल्या पट्ट्यात झडपा नि पंप घडवणारे कारखाने. दाजी केंद्रात होते. मीटरभर जाड काचेसमोर उभं राहायचं, यंत्राचे पोलादी हात हलवायचे आणि काचेपलीकडे किरणोत्सारी आयोडीनच्या कुप्या भरून बुचं लावायची. त्या कुप्या इस्पितळांत औषध म्हणून जात. सगळे दाजींना 'चिमटेवाले' म्हणत. तीस वर्षांत थेंब सांडला नाही. मेहुणीही तिथेच नोकरीला. प्रत्येकाच्या छातीवरच्या बिल्ल्याने महिनाभरात किती किरणं खाल्ली, ते वाचणं तिचं काम.

"काय म्हणतो माझा बिल्ला?" दाजी विचारायचे.

"म्हणतो, मालक भलता भित्रा आहे."

"भित्रेच पेन्शन खातात, मेहुणीबाई!"

मग थोरल्या बहिणीला, म्हणजे दाजींच्या बायकोला, गळ्यातल्या ग्रंथीचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, पण तो फुप्फुसात उतरला होता. औषध तेच, आयोडीन. ते पोटात गेलं की काही दिवस रोग्याच्याच अंगातून किरणं येतात. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर जरा लांब राहा. पाणी देणं, उठवून बसवणं, थोडा वेळ जवळ बसणं, याला हरकत नाही."

दाजींनी 'लांब राहा' एवढंच ऐकलं. पलंगापासून तीन पावलं मोजून फरशीवर खडूने रेघ मारली आणि रेघेबाहेर खुर्ची टाकली. पाण्याचा पेला काठीने पुढे सरकवायचे. बिल्ला केंद्राबाहेर न्यायचा नसतो, तोसुद्धा छातीवर लावून बसले.

बहिणीने फोन केला. "अगं, ह्यांना सांग ना जरा. नवरा आहे की पहारेकरी? दहा मिनिटं हात हातात घेतला तर काय आभाळ कोसळणार आहे? तुझं ऐकतील."

मेहुणीसमोर बिल्ल्यांचा ढीग पडला होता. ती हसली. "चार दिवस कळ काढ गं. नियम म्हणजे नियम. मग बस हात धरून जन्मभर."

पाचव्या दिवशी दुपारी बहिणीला एकाएकी धाप लागली. दाजी आधी फोनकडे धावले, रुग्णवाहिकेला पत्ता नीट सांगितला, दोनदा सांगितला, मग रेघ ओलांडली. तोवर सगळं आटोपलं होतं.

पंधरा दिवसांनी ते कामावर आले ते थेट मेहुणीच्या टेबलाशी. बिल्ला पुढे ठेवला. तिने वाचला.

"जवळजवळ कोरा आहे."

"ते मला माहीत आहे. मला दुसरं हवंय. पाचही दिवस मी तिचा हात धरून बसलो असतो, तर किती भरलं असतं? कागदावर मांडून आणून दे. तोंडी नको."

"कशाला उकरून काढता, दाजी?"

"आणून दे."

तिने त्याच संध्याकाळी मांडलं. अर्ध्या पानाचं गणित. तीनदा तपासलं. दाजींना कामावर वर्षभरात जेवढ्या किरणांची मुभा होती, त्यांचा दहावा हिस्सासुद्धा होत नव्हता. आणि हे गणित तिला तोंडपाठ यायला हवं होतं. त्या दिवशी फोनवरच अर्ध्या मिनिटात सांगता आलं असतं.

कागद घडी करून पर्समध्ये गेला. दाजींनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "इस्पितळातून आकडे यायचेत." पुढच्या आठवड्यात म्हणाली, "यंत्र बिघडलंय." दाजींनी नुसती मान हलवली. त्यांनी कागद वाचला असता आणि मान वर करून विचारलं असतं, "तुला माहीत होतं?" म्हणून कागद पर्समध्येच राहिला. अकरा महिन्यांनी कपडे बदलायच्या खोलीत, एक बूट पायात नि एक हातात असताना, त्यांचं हृदय थांबलं.

त्याआधी एकदा ती कागद घेऊन गेली होती. दाजी काचेसमोर पाठमोरे उभे, दोन्ही हात यंत्रात अडकलेले.

"कोण आहे?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

"मीच."

"आणलंस?"

"नाही हो," ती म्हणाली. "चहाला येता का विचारायला आले."