मामांचा दोन मुंडक्यांचा कॅमेरा

मामांच्या हाताला लागली नाही तेवढीच वस्तू जानेफळात धड चालते, असं लोक म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. भजनी मंडळाची पेटी, पाटलांचा ग्रामोफोन, मास्तरांचं घड्याळ, साऱ्यांनी त्यांच्या ओसरीवर प्राण सोडला.

माझे वडील गेले तेव्हा मी रांगत होतो. आई मला घेऊन माहेरी आली आणि लोकांच्या कपाशीत निंदायला जाऊ लागली. लुगडं धुतलं की ते वाळेपर्यंत ती घरातच बसे, कारण दुसरं नव्हतं. वडिलांचा फोटो कुठला असायला? ते कसे दिसत, असं विचारलं की मामा एकदा सांगत माझ्यासारखे, एकदा सांगत शेजारच्या सुतारासारखे. मग म्हणत, "दाजीचा चेहरा हातचा गेला. बाईचा जाऊ देनार नाही." बाई म्हणजे माझी आई, त्यांची धाकटी बहीण.

म्हणूनच असेल, बुलढाण्याला एका साहेबाच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं तेव्हा बैलांना पाणी पाजायला टब आणायला गेलेले मामा मोडका कॅमेरा घेऊन परतले. मामी नुसत्या बैलांकडे पाहत राहिल्या.

घडीचा, कातडी भात्याचा कॅमेरा होता. त्याच्या खिडकीतून एका माणसाची दोन माणसं दिसत. भिंगाची कडी फिरवून ती एकावर एक आणली, की नेम बसला. पण आतला इवलासा आरसा ढळलेला, त्यामुळे एक मुंडकं दुसऱ्याच्या डोक्यावर बसे. मामा आरशाचा स्क्रू पिळायला सोनाराकडचा बारीक पेचकस घेऊन ओसरीवर बसत आणि दिसेल त्याला अडवत. "थांब बे, तुह्ये दोन मुंडके एक करून राह्यलो." बाजाराला जाणारे मागच्या आळीने जाऊ लागले. नेमाला खूण लागते, हा त्यांचा शोध. बायांचं कुंकू, बाप्यांचं गंध. दोनाचं एक झालं की माणूस नेमात आला.

भात्याची भोकं त्यांनी मामींची काळी छत्री कापून बुजवली. भिंगामागची झडप अडकायची, तर तिला जवसाचं तेल पाजलं. गाडीचं चाक काय, दाराची बिजागरी काय, तेलाने बरं होत नाही असं काही त्यांच्या माहितीत नव्हतं. झडप दोन दिवस लोण्यासारखी चालली. मग तेल वाळलं आणि ती जेवून पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासारखी अर्धी उघडी राहिली.

"भाऊ, मी काऊन बसू फोटोले?" आई म्हणे. "पोरगा बी.ए. होऊ दे, मंग काढजो."

तेव्हापासून माझी आणि कॅमेऱ्याची शर्यत लागली. मी अमरावतीहून सुट्टीत आलो की मामा विचारत, "तुहं कुठवर आलं?" मी विचारी, "तुमचं?" आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि झडप पेट्रोलने धुणारे ते पहिले. पेट्रोल मेहकरच्या मोटारवाल्याने दिलं होतं.

मी पास झालो त्या उन्हाळ्यात अंगणात बाज टाकली. आई बसली, मागे मी काळा कोट घालून. मामांनी कडी फिरवली, थांबले, पुन्हा फिरवली.

"लवकर कर बाप्पा, उन्हानं डोकं तापलं," आई म्हणाली.

मामांनी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला. मग माझ्या लक्षात आलं. आईच्या कपाळावर नेम धरायला काही नव्हतं.

कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावत मामा म्हणाले, "बाई, हनुवटी वर कर. गोंदन दिसू दे."

आईने मान वर केली.

"हे गोंदताना तू रडत होती. मीच धरून ठेवलं होतं तुले. आताही हालू नको."

खट् झालं.

अकोल्याहून फोटो धुऊन आले, तर साऱ्या रोलमध्ये तेवढा एकच नीट निघालेला. हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपके त्यात काळे, पण वेगवेगळे दिसतात. मागचा बी.ए. मात्र पुसट आला. मामांना त्याचं फार वाईट वाटलं, मला नाही.

आता मामा नाहीत, आई नाही. कॅमेरा माझ्या टेबलावर आहे, झडप पुन्हा अर्धी उघडी, आणि तिला तेल घालायला कोणी नाही. वडील कसे दिसत ते मला आजही ठाऊक नाही. आई कशी होती, ते मात्र माझी नातवंडं भिंतीकडे बोट करून सांगतात.