डिपिंगचे चार दिवस

निमगाव सावाच्या बाजूला आमचा दोन एकरांचा तुकडा, पावसावरचा. शेजारीच धाकट्या दिराची द्राक्षबाग. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी त्याच्याच बागेत रोजानं जायचे. घरात मी वहिनी, बागेत मजूर. चहा दोन्हीकडे मीच करायचे.

बायांचा रोज पस्तीस रुपये. दिवाळीनंतर बागायतदार देवळात बसून तो ठरवायचे. भजी व्हायची. ठरलेल्यापेक्षा जास्त देईल त्याला दंड. याला कुणी युनियन म्हणत नव्हतं.

आम्ही टोळीतल्या अठराजणी एकेक करून वाढ मागायचो. प्रत्येकीला एकच उत्तर मिळायचं, "पुढल्या साली बघू." आमच्यात वयानं मोठी एक विधवा होती. तिला सगळ्या मावशी म्हणायच्या. तिचा नवरा पिंपरीला कंपनीत असताना तिनं संप पाहिला होता. त्यातलं तिला एवढंच आठवत होतं, की कामाला लागायचं नाही आणि घरीही जायचं नाही.

त्या वर्षी आम्ही डिपिंगच्या दिवशी बांधावर बसलो. डिपिंग म्हणजे द्राक्षाचा एकेक घड औषधाच्या डब्यात बुडवायचा. मग मणी फुगतो. पण ते ठरलेल्या दिवसांतच करावं लागतं, नाहीतर मणी बारीक राहतो.

दीर मोटरसायकलवर आला. "वहिनी, तुमी बी?"

"आमी बी, भाऊजी. पन्नास द्या."

"तुमी तर घरचं माणूस."

"घरच्या माणसाला पस्तीसच देता की."

तो गाडी वळवून आल्या वाटेनं गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं जीपमधून डोंगरातल्या आहुप्याकडच्या बारा बाया आणल्या. मावशीनं त्यांना चटणी-भाकरी दिली आणि रोज किती ठरलाय ते विचारलं.

"तीस."

आमच्या बाया हसल्या. का हसल्या ते मावशीनं त्या बायांना सांगितलं. त्यांच्यातली मोठी म्हणाली, "मंग आमी बी बसतो जरा." परतीची माणसं उठेपर्यंत जीपवालाही बसला.

तिसऱ्या दिवशी दीर आणि जाऊबाई स्वतः डबे घेऊन शिरले. दुपारपर्यंत दीड ओळ झाली. सासू दिराकडं राहायची. ती मला येऊन म्हणाली, "बाग वाया गेली तर तुझ्या माथी." मी घाबरले होते. त्या बागेचे खड्डे मीही खोदले होते. पण उठले नाही. त्या संध्याकाळी बागायतदार पुन्हा देवळात बसले. भजी झाली नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी दीर बांधाशी येऊन म्हणाला, "पंचेचाळीस."

"पन्नास," मी म्हणाले. "आणि डोंगरच्या बायांना बी तेवढाच."

"त्यांचं तुमाला काय पडलंय?"

मावशी म्हणाली, "उद्या तुमी त्यांनाच आणणार, म्हनून."

शेवटी दोन्ही टोळ्यांसाठी अठ्ठेचाळीसवर ठरलं. दोन रुपये त्यानं कापले, कारण काहीतरी कापल्याशिवाय त्याला घरी जाता आलं नसतं. दोन्ही टोळ्या लगेच कामाला लागल्या आणि बाग वाचली. आठवड्यात गावभर तोच दर झाला. गड्यांचाही रोज वाढला. ते कुठंच बसले नव्हते.

त्या संक्रांतीला जाऊबाईनं मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. बाकी गावानं बोलावलं.

पुढच्या वर्षी डिपिंगला सगळ्यांना निरोप आला, फक्त मावशीला नाही. गावातल्या कुठल्याच बागेतून नाही. आम्ही तिच्या घरी गेलो, तिला बरोबर घेतलं आणि दिराच्या बागेच्या फाटकाशी उभ्या राहिलो. त्यानं मोजलं.

"एक जास्त हाय."

"बराबर हाय," मी म्हणाले. "न्हाईतर अठरा कमी व्हतील."

मग त्यानं मावशीकडं न बघता डबा पुढं केला.

"झाकण गच्च बसलंय," मावशी म्हणाली. "उघडून द्या."

त्यानं उघडून दिलं.