सुंदरराव डाव्या पंखावर

दूध सोसायटीत फॅट तपासायचं काम रामकिसनकडे तेवीस वर्षं होतं. केजपासून जीपने अर्ध्या तासावरच्या आमच्या गावात यंत्र कळणारा माणूस तोच, कारण फॅटचं यंत्र बंद पडलं की तो त्याला एक चापट मारायचा आणि ते चालू व्हायचं.

२०१६ च्या उन्हाळ्यात दूधच आटलं. सोसायटीने कोरड्या तळ्याच्या काठाला चारा छावणी उघडली. तिच्या शंभराव्या दिवशी मुंबईहून एक बडे पाहुणे येणार असं ठरलं, तसे चेअरमन सुंदरराव पुण्याला गेले आणि रिमोटवर उडणारं लाल जेट विमान घेऊन आले. त्याच्या पोटाला झाकण होतं. त्यातून पाहुण्यांवर झेंडूची फुलं पडायची होती.

"पण उडवायचं कुणी?" रामकिसनने विचारलं.

"तूच. मशीन तुला कळतंय."

"साहेब, ते फॅटचं मशीन हाय. ते उडत न्हाई."

"महिना हाय तुज्याकडं," म्हणत सुंदरराव जीपमध्ये बसले.

खोक्यातल्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं की नवख्याने आधी स्वस्तातल्या विमानावर हात बसवावा. रामकिसनची बायको वत्सलाबाई हिलाही ते पटलं. "ते लाल मोडलं तर चेअरमन तुमाला मोडतील. आधी मोडायचं येगळं करा," ती म्हणाली.

सोसायटीच्या गोदामात मागच्या निवडणुकीचे प्लास्टिकचे हलके फलक पडून होते. रामकिसनने ते कापले. सुंदररावांच्या फलकाचा डावा पंख झाला. उजव्याला फलक पुरेना, म्हणून पडलेले उमेदवार बद्रीनाथ यांचा घेतला. दोघांची हात जोडलेली, हसरी तोंडं खालच्या बाजूला आली. सायकलच्या तारा, गरम गोंद, शेपटीला पुण्याहून मागवलेली पंख्याची बारकी मोटर, आणि रिमोट लाल विमानाचाच. पंखांखाली दोन बोटं धरून तोल बघितला तर विमान कुत्र्यासारखं मागच्या अंगावर बसलं. वत्सलाबाईने नाकात ज्वारीच्या पिठाचा गोळा दाबला, तेव्हा ते सरळ झालं.

सराव तळ्याच्या भेगाळलेल्या तळात सुरू झाला. विमान फेकायला धुळाजी मिळाला. तो तिथेच मेंढरं चारायचा. पहिल्या दिवशी विमान सात वेळा नाकावर पडलं आणि आठव्यांदा पडल्यावर उचलायला जाईपर्यंत मेंढरांनी नाक खाल्लं होतं. वत्सलाबाई रोज नवीन नाक मळून द्यायला लागली.

आठवड्याभरात विमान हवेत टिकायला लागलं. पण ते आपल्याकडे तोंड करून आलं की त्याचा डावा पंख आपल्या उजवीकडे येतो, आणि रामकिसन हमखास उलटी दांडी दाबायचा.

धुळाजीची नजर कोसावरची मेंढी ओळखणारी. तो म्हणाला, "मला खालची तोंडं दिसत्यात. कुणाची बाजू खाली चाललीय ते मी वरडून सांगतो. सुंदरराव पडले की तू उजवीकडं दाब, बद्रीनाथ पडले की डावीकडं. इमान हिकडं येऊ दे न्हाईतर तिकडं जाऊ दे."

आणि ते बरोबर निघालं. धुळाजी मेंढरं हाकायच्या आवाजात ओरडायचा, "सुंदरराव पडले," आणि रामकिसन सुंदररावांना अलगद वर उचलायचा.

हा आवाज छावणीत जात होता. तिथे म्हशी राखणाऱ्या केशरबाईने तो ऐकला आणि गावात सांगितलं. तासाभरात बातमी दोन रस्त्यांनी फुटली. मांजरसुंब्याच्या धाब्यावर जेवणाऱ्या बद्रीनाथांना कळलं की सुंदररावांवर अविश्वास ठराव आला, आणि ते हार घेऊन निघाले. केजच्या तहसिलात बसलेल्या सुंदररावांना मात्र मेहुण्याचा फोन आला की हाड मोडलं का नुसता मुका मार हाय.

दोघं एकाच वेळी तळ्यात उतरले. विमान डोक्यावर घिरट्या घालत होतं.

"माझं नाव कावून घेतो रे?" सुंदररावांनी धुळाजीला विचारलं.

"तुमी पडताव म्हणून," धुळाजीने सरळ सांगितलं.

रामकिसनने विमान उतरवून पंख उलटा करून दाखवला. सुंदररावांनी पंखावरच्या आपल्या तोंडाची धूळ पुसली. मग म्हणाले, "मला एक डाव दे." त्यांनी उडवलं, आणि बद्रीनाथ खाली चालले की दांडी दाबायचं ते नेमकं विसरायचे. बद्रीनाथांच्या हातात रिमोट आला तेव्हा दुसऱ्या पंखाचं तेच झालं. शेवटी विमान छावणीच्या कडब्यात घुसलं. दोघंही खूश होऊन परतले. बद्रीनाथांनी हार जाता जाता रामकिसनच्या गळ्यात घातला.

शंभराव्या दिवशी रामकिसन अडून बसला. लाल विमानाच्या पंखांखाली तोंडं चिकटवल्याशिवाय तो उडवणार नव्हता. ती चिकटवली. धुळाजीला बजावलं की पाहुण्यांसमोर हळू बोल. पण हळू बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं. पहिल्याच वळणावर मांडवात आवाज घुमला, "सुंदरराव पडले."

पाहुणे शेजारी बसलेल्या सुंदररावांकडे वळले. "कधी?"

"आता उचलतोय मला, साहेब," सुंदरराव म्हणाले.

उचललंच. झाकण मात्र उशिरा उघडलं. सगळी फुलं म्हशींवर पडली आणि त्यांनी ती खाल्ली. पाहुण्यांनी भाषणात म्हशींची एवढी काळजी घेणारी सोसायटी पाहिली नसल्याचं सांगितलं.

सप्टेंबरात पाऊस लागला आणि तळं भरलं. गाव काठावर उभं राहून पाणी बघत होतं. रामकिसनही बघत होता. सराव बुडाला याचं त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली. वत्सलाबाईला त्याने तसं सांगितलं. ती म्हणाली, "माळ कोरडाच हाय की." दुसऱ्या दिवशी दूध घालून झाल्यावर दोघं विमान घेऊन माळावर गेले.