शिल्पाच्या तीन तपासण्या, भुजंगची एक

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. लातूरच्या एका खासगी लॅबमध्ये विशाखा रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवत होती. खाली रस्त्यावर क्लासला निघालेल्या पोरांची गर्दी. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वर्षी विशाखा दहावीला होती. गेली अकरा वर्षं ती लोकांचं रक्त, लघवी, थुंकी तपासत होती आणि तिला कशाची किळस येत नसे.

रेणापूरकडच्या केवळाबाईंनी टेबलावर बाटली ठेवली. आत त्यांच्या मुलाचं, भुजंगचं वीर्य. बाहेर कीटकनाशकाचा लाल शिक्का.

"डबी दिली होती ना?"

"ती हरवली. ही धुतलीय की, मॅडम. असल्या बाटल्यांत आमी गोडंतेल ठेवतो."

विशाखानं बाटली दोन बोटांनी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. "यात काही जिवंत राहत नाही. तीन दिवसांनी या. नमुना इथंच द्यायचा."

दाराशी सून शिल्पा बसली होती. लग्नाला सात वर्षं. तिच्या तपासण्या तीनदा झालेल्या, तिन्ही निर्दोष. भुजंगचा नमुना मात्र त्यांच्या डॉक्टरांनी हट्ट धरला म्हणून आत्ता पहिल्यांदा आणला होता.

"दिवाळीपस्तोर बघायचं, न्हाई तर हिला माहेरी धाडायचं. दुसरी बघून ठेवलीय," केवळाबाई तिच्यादेखतच म्हणाल्या.

तीन दिवसांनी भुजंगनं लॅबमध्येच नमुना दिला आणि विशाखानं मोजलं. मिलिलिटरला किमान दोन कोटी शुक्राणू हवेत. भरले चाळीस लाख, त्यातले बहुतेक निपचित.

"फवारणी किती वर्षं करता?" रिपोर्ट बघायला लॅबमध्ये आलेल्या डॉक्टरांनी भुजंगला विचारलं.

"बारा. लई मागणी हाय आपल्याला."

"औषध कालवता कशानं?"

भुजंगनं कोपरापर्यंत हात दाखवला. "काठीनं नीट मिसळत न्हाई."

यातली काही रसायनं पुरुषाचे हार्मोन बिघडवतात, डॉक्टर म्हणाले. इथं तेच कारण आहे हे खात्रीनं सांगता येत नाही. पण तीन महिने फवारणी बंद ठेवा, मग पुन्हा तपासू.

"गावात समदेच फवारतेत. त्यांना लेकरं न्हाईत व्हय?" केवळाबाईंनी रिपोर्टची घडी करून कनवटीला खोचली.

"आत्याबाई, आता तरी माझ्यात खोट न्हाई म्हणा की," शिल्पा म्हणाली.

"तू गप. मशीन चुकलं असंल."

मशीन नव्हतंच. विशाखानं डोळ्यांनी मोजलं होतं, दोनदा. भुजंग नखं कुरतडत होता.

"उद्याचं नाव लिवा, मॅडम," केवळाबाई म्हणाल्या.

"यांचं? तीन महिन्यांनी."

"ह्याचं कशाला? हिचं. पुन्यांदा समदं तपासा."

"लिवा की," भुजंग मान वर न करता म्हणाला. "मला संगं यायला जमायचं न्हाई, उद्या सहाला तूर फवारायचीय."

विशाखानं लिहिलं. उद्याच्या यादीत पहिलं नाव शिल्पाचं: रक्त, उपाशीपोटी, सकाळी सात.