बापासमोर पोर घ्यायचं न्हाई!

तालमीत एक बरं असतं, अंग रगडताना तोंड मोकळंच राहतं. त्यामुळे आमच्या माले गावच्या तालमीत मातीपेक्षा किस्सेच जास्त साठले. त्यातले निम्मे, आमच्या पैलवानांच्या घरी पाळणे हलायला लागले तेव्हाचे.

आमचे वस्ताद गणपतराव. त्यांचा एकच कायदा : "बापासमोर सोताचं पोर घ्यायचं न्हाई. बायकी काम हाय त्ये!" आजोबानं नातवंड खांद्यावर मिरवावं, बापानं लांबून बघावं. अडीच मणाचा गडी चीत करणारे आमचे वाघ तान्ह्या पोराला भ्यायचे!

*

अकबर मुलाणी आमच्याच जोडीचा. पौडात वडलांचं किराणा दुकान. एकदा कुणी नाही बघून गड्यानं लेक मांडीवर घेतली. तेवढ्यात दारात अब्बा! अकबरनं लेक उचलून थेट तराजूच्या पारड्यात ठेवली आणि समोरच्या पारड्यात वजनं टाकायला लागला.

अब्बा शांतपणे गादीवर बसले. म्हणाले, "माप नीट कर. आन् गिऱ्हाईक कुटं हाय?"

*

वस्तादांचा तेव्हा एकुलता एक मुलगा बबन. त्याला मुलगी झाली. बायको शेवंता माहेराहून परत आली, एसटीतून उतरली ती डोक्यावर बोचकं, काखेत पोर. आणि बबन पुढं, मोकळे हात हलवत! शेवंतानं पोरीला बांधावर गवतात ठेवलं. "बोचकं मी नेते. हिचं तुमी बघा." आणि गेली की निघून!

हा पठ्ठ्या पोरीपाशी राखणीला उभा. वस्तादांच्या कानावर जाईल म्हणून उचलायची छाती नाही, सोडून जायचीही नाही. एका म्हातारीनं विचारलं, "कुनाची रं पोर?"

"आमच्या घरातल्यांची."

म्हातारीनं पोर कडेवर घेतली. "मग तू कुटला?"

*

नसबंदीचं सांगायला नर्सबाई आल्या, तर वस्ताद दारातच आडवे. "ऑप्रेशन केलं की गड्याची ताकद जाती! बायकांचं करा."

बाई म्हणाल्या, "मग ऑपरेशन झालेल्या बायका दोन-दोन हंडे वाहतात, त्या कुणाच्या ताकदीवर?"

"त्यास्नी सवय हाय."

खरंच असं म्हणाले! मला अजून चीड येते. स्वतःचं तर त्यांनी केलंच नाही, हे पुढं अख्ख्या गावाला कळलं.

*

जत्रेत बबनची कुस्ती. समोरच्या गड्यानं मान धरली आणि हुंगतच राहिला. "पैलवान, अंगाला वेखंडाचा वास कशाचा ओ?" फडभर हशा! बबन गोठ्यात चोरून वेखंड लावलेल्या पोरीला छातीशी घ्यायचा, ते असं उघडं पडलं.

वस्तादांनी सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत दिली. तेव्हापासून गोठाही बंद. पुढं एकदा बबन मला म्हणाला, "पोरगी मला बघून रडाया लागलीया. वळखतच न्हाई." एवढा आडदांड गडी, पण डोळे भरले होते. मला लई वाईट वाटलं.

*

आणि मग वस्तादांनाच मुलगा झाला! घरात सून असताना! गाव पदराआड हसलं. त्यातून वस्तादांचे वडील, आबा, चांगले धडधाकट, दिवसभर ओसरीत बाजेवर. म्हणजे कायदा आता वस्तादांनाही लागू!

एका दुपारी बायका ओढ्यावर धुण्याला गेलेल्या. मी ओसरीतच होतो. आत वस्तादांचं तान्हं रडायला लागलं, तेवढ्यात बबनची पोरगी उंबऱ्यावर आपटली. टाहो फोडला तिनं. वस्ताद उभे, बबन उभा. दोघांचे हात पुढं जायचे, आपापल्या बापाकडं बघून मागं यायचे. मी उठलो तर आबांनी काठी आडवी घातली. "तू बस खाली."

शेवटी वस्तादांनी नात घेतली आणि बबननं भाऊ घेतला. कायद्यात चोख बसलं! पण पोरांना कायदा कुठला ठाऊक? दोघांनी आणखीच गळा काढला. एरवी बापाला बघून रडणारी पोरगी आज आजोबाच्या मिशा ओढून बापाकडंच झेपावत होती.

आबा म्हणाले, "गणप्या, मी तुला कवा घेतला न्हाई. त्येचं काय सोनं झालं?"

आबांनी पायावरची घोंगडी भर दुपारी डोक्यावरून ओढून घेतली.

"मी झोपलो."

थोड्या वेळानं घोंगडीतून आवाज आला, "बदलली का रं पोरं?"