मामाचे गुडघे आणि माझं कन्यादान

मामानं भाचीच्या पाया पडायचं, भाचीनं मामाच्या पायाला हातही लावायचा नाही, ही आमच्या वऱ्हाडातली रीत. ज्यानं ही रीत काढली त्याचे गुडघे कधी दुखले नसावेत. मला मात्र तिनं ऐन लग्नाच्या तोंडावर रडकुंडीला आणलं होतं.

मी तीन वर्षांची असतानाच आई-बाप गेले. मामानं मला इंझोरीला आणलं, मामीनं पदराखाली घेतलं. चुलता मालेगावला खाऊनपिऊन सुखी होता, पण परकराचं कापड म्हणून त्यानं कधी धाडलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या दोनेक वर्षं आधी माझं लग्न जमलं, तेव्हा मात्र हा सुपारीला मोठं पागोटं बांधून हजर! पंगत बसली. सगळे पाटावर, आणि मामा एकटा बाजेवर, पाय लोंबते सोडून. दोन सालांपासून त्याचे दोन्ही गुडघे धरले होते. बसला की उठता येईना, उठला की बसता येईना.

"कन्यादानाले काय बाजीवर बसान का?" चुलता भरल्या पंगतीत म्हणाला. "व्याही हासतीन. मी बसतो पाटावर. पोर माह्या भावाची हाये."

मामानं त्या दिवशी भात मागून घेतला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्यानं मला कधी विचारलं नाही, तो माझा हात देणार? मी मामीला स्वच्छ सांगून टाकलं, "मामा पाटावर बसन तरच मी बोहल्यावर उभी राहीन. नाही तर नवरदेवाले म्हणा, जाय वापस."

"कायले जीभ चालवून राह्यली?" मामी ओरडली. पण त्याच दुपारी तिनं जवसाचं तेल तापवलं आणि मामाचा गुडघा धरला.

मामीचा हात म्हणजे ज्वारीच्या भाकरी थापणारा हात. तिनं सरळ गुडघ्याच्या वाटीवरच जोर दिला. दुखणं हाडात दडी मारून बसतं, त्याला रगडून हाकलावं लागतं, अशी तिची पक्की समजूत. मामा दातओठ खात "हाव, जमते, जमते" म्हणत होता. तिसऱ्या दिवशी गुडघा सुजून नारळाएवढा झाला.

तेव्हा मी पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या दाईला बोलावलं. मुसलमानाची होती ती. अर्ध्या गावाच्या बाळंतिणी तिच्या हाताखालून गेलेल्या. गुडघा पाहून तिनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! गुडघा हाये का मिरच्या कुटाची उखळी?"

परक्या पुरुषाला ती हात लावत नसे. म्हणून तिनं माझाच पाय पुढे घेतला आणि त्याच्यावर शिकवलं. आधी सूज उतरू द्यायची. तेल कोमट. वाटीला धक्का नाही. मांडी आणि पोटरी मात्र हलक्या हातानं, सावकाश चोळायची. "आन् मालिश झाली का गुडघा वाकवाचा. नाही वाकवला तर तेल वाया." मामीला ते जमेना. हात हलका कर म्हटलं की ती हातच उचलून घ्यायची. माझा हात पाहून दाई म्हणाली, "या पोट्टीच्या हातात गुण हाये."

मामा बाजेवरून ओरडला, "भाची माह्या पायाले हात लावन? मले नरकात धाडता काय!"

तीन दिवस मी विनवलं, चौथ्या दिवशी खरंच रडले. "काकानं दिलेली मी सासरी जाणार नाही मामा. तुमीच द्या मले."

त्यानं बाजेची सैल दोरी ओढून घट्ट केली. मग म्हणाला, "लाव हात. पण तू जितक्या बखत लावशीन, तितक्या बखत मी तुह्या पाया पडीन. फिट्टंफाट."

पहिल्या दिवशी मालिश करून मी समोर उभी राहिले. मामा बाजेच्या काठावरून वाकला. हात पोचला माझ्या गुडघ्यापर्यंत. "पोचलं समजा," मी म्हटलं.

"समजा कायले? पाप का अर्धंच फिटते?"

हट्टी माणूस! रोज "ओ माय, मेलो वं!" करत खाली जायचा, मामी मागून धोतराचा सोगा धरून उभी, आणि रोज टीचभर पुढे. आठ दिवसांनी घोट्याला हात लागला. मग बाज सोडून उभ्यानं, मग भिंत धरून उकिडवा. दाई दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसायची. "म्या सांगतलं असतं तर यानं येवढी कसरत केली असती का?" दुखणं गेलं असं नाही, पहाटे उठताना तो कण्हायचाच. पण एका संध्याकाळी मामानं मांडी घातली, आणि मामीनं त्या आनंदात चुलीवरचं दूध उतू घालवलं.

लग्नाच्या दिवशी चुलता पागोटं सावरत पाटाला खेटूनच उभा. मामा आला, त्यानं मामीच्या खांद्यावर हात ठेवला, एकदा "ओ माय!" म्हटलं आणि पाटावर बसला. मांडी घालून! मला मुंडावळ्यांआड इतकं हसू आलं की भटजींनी डोळे वटारले. मंत्र झाले, पाणी सोडलं. माझ्या हाताखाली मामाचा खरखरीत तळवा होता.

"झालं यजमान, उठा आता," भटजी म्हणाले.

मामा उठेना. भटजींनी पुन्हा सांगितलं. मांडवात कुजबुज सुरू झाली. धरले वाटतं गुडघे! चुलता लगबगीनं पुढे आला, त्यानं हात दिला. "मी म्हनलं नव्हतं?"

मामानं तो हात हळूच बाजूला केला. डोळे भरले होते, पण आवाज चांगला खणखणीत होता.

"गुडघे ठीक हायेत बाप्पा. पण इथून उठलो का पोरगी दुसऱ्याची होते. जरासंक बसू द्या मले."