हळदीचं पाणी

आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. त्या सकाळी नवरा चिकलठाण्याला पहिल्या पाळीला गेला होता आणि मी एकटीच अंगणातले ड्रम भरत होते. अडीच वर्षांचा मुलगा बराच वेळ शांत होता. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

वळून बघितलं, तर तो पालथ्या बादलीवर चढून हळदीचा अख्खा डबा भरलेल्या ड्रममध्ये ओतत होता. हात, पोट, नाक, सगळं पिवळं.

"हे काय केलंस रे?"

"वरण," तो शांतपणे म्हणाला.

सहा वर्षांची मुलगी बाहेर आली. तिनं भावाला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "आई, ह्याचं लग्न आहे का?"

मला रडू यायचं ते हसूच आलं. मोठीच्या वेळी असं काही झालं की मी आधी आईला फोन लावायचे. त्या दिवशी लावला नाही. पाइप दुसऱ्या ड्रममध्ये सोडला, त्या पिवळ्या पाण्यानं दोघांना तिथंच आंघोळ घातली आणि उरलेल्या पाण्यानं अंगण, जिना, स्कूटर, सगळं धुऊन काढलं. नळ जायच्या आत बाकीचे ड्रमही भरले.

त्याचा रंग मात्र निघाला नाही. पाळणाघरातल्या ताईंनी त्याला बघून काळजीनं विचारलं, "कावीळ तर नाही ना झाली?" मी सगळं सांगितलं, तशा आम्ही दोघी दारातच हसत बसलो आणि मला ऑफिसला उशीर झाला.